एकोणिसातला मधला एक

ती. आत्या हिला धाकट्या भाचीचा नमस्कार, आणि पहिल्याच ओळीत सांगते की मी झोपलेली नाही. अक्षर वाकडं दिसलं तर वाचणाऱ्याने नावं ठेवू नयेत म्हणून आधीच सांगून टाकलं. न झोपण्याचं कारण असं की बाळ झोपलं की माझा उजवा हात त्याच्या पाळण्याच्या कठड्यात असतो. कठड्याला एकोणीस गज होते. आता अठरा आहेत आणि एकोणिसाव्याच्या जागी मी आहे. हात काढला तर त्या फटीतून बाळ बाहेर सरकेल, आणि हात ठेवला तर मला झोप कशी लागेल? उशी लावून बघितली, तर उशी त्याच्या नाकावर पडेल अशी भीती. दोरी बांधून बघितली, तर दोरी गळ्यात जाईल अशी भीती. हाताची तेवढी भीती वाटत नाही, तो माझाच आहे.

असो. तुझा गुडघा कसा आहे? कानातलं यंत्र घालतेस की अजून डब्यातच ठेवलंयस? ते डब्यात ठेवून ऐकू येत नाही गं, कानातच घालावं लागतं. जेवणाआधीच्या गोळ्या जेवणाआधी घे आणि नंतरच्या नंतर, सगळ्या एकदम घेऊन मोकळी होऊ नकोस. इकडे सगळे बरे आहेत. सासूबाई बऱ्या आहेत, हे बरे आहेत, बाळाला आम्ही ढब्बू म्हणतो, तो तर इतका बरा आहे की उचलला की माझ्या मनगटात कळ येते. मी पण बरीच म्हणायची.

(आता हे जे कंसात आहे ते मोठ्याने वाचू नका. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. औषधाच्या दुकानातले काका असाल, वरच्या मजल्यावरची शिवणवाली असाल, नाहीतर वीजमीटर बघायला आलेले असाल. आत्याला जो सापडेल त्याला ती पत्र वाचायला बसवते. जे कोणी असाल त्यांना नमस्कार. पत्रात जिथे जिथे कंस येईल तिथे मनात वाचा. आत्याला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि तिला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात फिरते. मध्येच गप्प का झालात असं तिने विचारलं तर खोकल्यासारखं करा.)

तर आत्या, तू दादाला लहानपणी भागाकार म्हणायचीस ते आठवतं का? घरात काही खायला आलं की हा वाटायला बसायचा. सगळ्यांना सारखं, कुणाला कणभर जास्त नाही, आणि वाटून जे उरेल ते "बाकी" म्हणून स्वतःच्या तोंडात टाकायचा. आम्हाला कधी कळलं नाही की रोज रोज बाकी कशी उरते. आता तो कॉलेजात गणित शिकवतो, म्हणजे धंदा तोच आहे, फक्त खायला मिळत नाही. बाळ झाल्यावर लोक कपडे आणतात, खुळखुळे आणतात. दादा टेम्पोतून पाळणा घेऊन आला. झुलणारा नाही, चार पायांवर उभा, तीन बाजूंना फळ्या आणि समोर कठडा. स्वतःच्या हाताने केलेला. ज्या माणसाने एक खिळा ठोकला तर भिंतीची माफी मागायची वेळ येते, त्याने अख्खी सुट्टी करवत चालवली. चार पायांपैकी तीन जमिनीला टेकतात, चौथा विचार करतो. पण कठडा मात्र बघत राहावा असा. एकोणीस लाकडी गज, सगळे सरळ, सगळे एका उंचीचे, प्रत्येकामधली फट सारखी. दादा म्हणाला, "हा आकडा आहे." मला कुठे आकडा दिसेना. मग त्याने एकेका गजावर बोट ठेवलं आणि "एक, एक, एक" असं शेवटपर्यंत म्हणत गेला. त्याचं होईस्तोवर बाळ झोपून गेलं. त्या पाळण्याचा पहिला उपयोग तोच.

म्हणजे एकाला लागून एक असे एकोणीस एक लिहिले तर जो भलामोठा आकडा होतो, तो हा कठडा. वाचायला गेलं तर लाख, कोटी, अब्ज सगळे खाली राहतात, वरची नावं दादाला येतात, मला नाही. त्या आकड्याचा गुण असा की त्याला कशानेही भाग जात नाही. एकने जातो आणि त्याचा त्याला जातो, बाकी कुणीही येऊन टक्कर घेतली तरी जात नाही. मूळ संख्या म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला वाटलं त्यात काय मोठं, एकोणीस मुळातच तसे आहेत, जोड्या पडत नाहीत, तीन-तीनचे गट पडत नाहीत. मग तेराच गज घालायचे होते, लाकूड तरी वाचलं असतं. मी तसं म्हणाले आणि फसले. दादाला कुणी काही विचारलं की त्याला इतका आनंद होतो की आपल्याला विचारल्याचा पश्चात्ताप होतो. म्हणाला, तेरा एक लिहिले तर त्याला त्रेपन्नने भाग जातो. पाच एक, सात एक, सतरा एक, सगळ्यांना कशाने ना कशाने तरी जातोच. नुसत्या एकांचा आकडा आणि तरी भाग जात नाही, असे फार थोडे. दोन एक, म्हणजे आपले साधे अकरा. त्यानंतर थेट एकोणीस एक. मग तेवीस. मग एकदम तीनशे सतरा. "तीनशे सतरा गजांचा तुझ्या खोलीत मावला नसता," म्हणाला, आणि खोलीकडे असं बघितलं की मावला असता तर आणलाच असता. वर सांगितलं की हा डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, पाळणा उचलून पालथा घाला, आकडा तोच. सासूबाई म्हणाल्या, पालथा कशाला घालायचा, आत पोर आहे.

सासूबाईंनी चष्मा लावून कठडा नीट बघितला आणि म्हणाल्या, "नुसते एकच एक? मध्ये एखादा पाच, एखादा आठ तरी घालायचा. जरा शोभा आली असती." यांनी विचारलं, "ह्याचा उपयोग काय?" दादा म्हणाला, उपयोग काही नाही. हे म्हणाले, मग ठीक आहे. मी काय म्हणाले? मी म्हणाले, चहा टाकते. मला लाज वाटत होती. शेजारणींना काय सांगायचं, माझ्या भावाने बाळाला भागाकार दिला? कुणी यायचं म्हटलं की मी कठड्यावर चादर टाकायची आणि म्हणायची, धूळ बसते. निघताना दादा जिन्यात थांबला, चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "तोडता येत नाही ना गं कुणाला, म्हणून हाच केला. दुसरं मला काय येतंय?" तेव्हाही मी म्हणाले, जिना सांभाळून उतर.

पण बाळाला तो पाळणा असा आवडला की दुसरीकडे झोपेना. जागं झालं की कठड्यावरून पाय फिरवतं, टर्रर्र वाजतं, स्वतःच दचकतं, स्वतःच हसतं. दादा दर रविवारी फोन करायचा. बाळ कसं आहे हे नंतर, आधी विचारायचा, "एकोणीस आहेत ना?" मी न मोजता म्हणायची, आहेत. एवढंच आमचं बोलणं, पण दर रविवारी.

आता जे सांगायचं ते. बाळ झोपलं की मला भीती वाटते. जागं असतं तेव्हा नाही वाटत, तेव्हा ते रडत असतं, म्हणजे आहे. झोपलं की इतकं गप्प होतं की श्वास चाललाय की नाही तेच दिसत नाही. मग मी वाकून बघते. नाकाशी बोट धरते. बोटाला कळलं नाही तर आरसा धरते. आरशालाही कळलं नाही तर बाळाला हलवते, आणि मग ते जे रडतं ते तासभर. दवाखान्यातल्या नर्सबाई मला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो आई, झोपलेल्या बाळाला उठवून झोपलास का असं विचारायचं नसतं." रांगेतल्या बायका हसल्या. मी पण हसले, दुसरं काय करणार. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता आणखी एकदा त्याला उठवलंस तर पाळणा माझ्या खोलीत. तू सुखाने झोप, ते सुखाने झोपेल." त्या वाईट नाहीत आत्या, त्यांनी चार पोरं वाढवली. पण पाळणा त्यांच्या खोलीत, मध्ये दार, आणि त्या दार लावून घोरतात.

तर त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी बाळाचं डोकं मधल्या दोन गजांत अडकलं. (हा भाग भरभर वाचा.) डोकं अडकलं, बाळ रडायला लागलं, सासूबाई खाली पाणी भरायला गेलेल्या, हे बर्फाच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून यायचे होते, घरात मी एकटी. मग मी पाव कापायची दातेरी सुरी घेतली आणि गज कापला. (आत्या "अगं बाई" म्हणेल. म्हणू द्या. पण जास्त काही विचारायच्या आत पुढच्या ओळीवर जा.) लाकूड चांगलं होतं, दादाने त्यात कसूर केली नव्हती. डाव्या हाताने कापायला फार वेळ लागतो. (हे चुकून लिहिलं गेलं. खोका.) शेवटी गज सुटला, दहावा, बरोबर मधला. आता नऊ इकडे, नऊ तिकडे. हे दारातून आत आले तेव्हा मी जमिनीवर भुशात बसलेली, मांडीवर गजाचा तुकडा, हातात सुरी, आणि बाळ मोकळं. यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं ते वर लिहिलंच आहे.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. सासूबाईंनी जिन्यात सांगायला सुरुवात केली तेव्हा बाळ नुसतं रडलं होतं. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत ते निळं पडलं होतं. खालच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गोष्ट गेली तेव्हा तो आमचे कपडे तसेच टाकून वर आला आणि दारातच विचारलं, "वाचलं ना?" ढब्बू माझ्या कडेवर बसून त्याच्या मिशा ओढत होता. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. लोक मला धीर द्यायला लागले आत्या. ज्या बायका दवाखान्यात हसल्या होत्या त्यांनी माझा हात धरून सांगितलं की तू वेळेवर सुरी घेतलीस म्हणून पोर वाचलं. सासूबाई सगळ्यांना सांगतात, माझी सून वाघीण आहे. पाळणा आपल्या खोलीत न्यायचं त्यांनी नावच काढलं नाही, उलट म्हणाल्या, ही जागी असते तेच बरं. इतके दिवस खरं वागले तेव्हा कुणी चांगलं म्हटलं नाही.

डोक्याला काही झालं नाही ना हे दाखवायला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फीत घेऊन ढब्बूचं डोकं मोजलं, यांना विचारलं फट केवढी होती, यांनी मूठ करून दाखवली. डॉक्टरांनी मुठीकडे बघितलं, डोक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "ह्यातून हे डोकं जाणं शक्य नाही." सासूबाई उसळल्या, "शक्य नाही काय? गेलं म्हणते ना ती! आमच्या घरातली डोकी आहेत, कुठेही जातात." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी बाळाचं झबलं नीट करायला लागले. ते नीटच होतं.

आणि मग दादाला कळलं. मी नाही कळवलं, सासूबाईंनी कळवलं, निळ्या रंगासकट. मग फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं तो ओरडेल, तर त्याने एवढंच विचारलं, "कितवा?" मी म्हणाले, दहावा. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मी फट मोजून ठेवली होती. बाळाच्या डोक्याचा हिशोब करूनच ठेवली होती. कुठे चुकलो कळत नाही." आत्या, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला की हिशोब चुकला. घरातली बाकी खाताना पकडला गेला तेव्हासुद्धा म्हणाला नव्हता. तो आठवडाभर राहायला येणार होता, रजा टाकली होती, ती त्याने रद्द केली. यांना म्हणाला, तो पाळणा मोडून जाळून टाका, आणि मी आता बाळाला उचलणार नाही, माझ्या हातांचा भरवसा नाही. चार दिवसांनी पार्सल आलं. दुकानातला घडीचा पाळणा, चारी बाजूंनी जाळी. आत चिठ्ठी होती, "ह्यात मोजण्यासारखं काही नाही." बाळ त्यात ठेवलं की किंचाळतं. मी त्यात कांदे ठेवलेत. त्यानंतरचे रविवार नुसतेच जातात. फोन वाजत नाही.

मी म्हटलं निदान गज तरी परत बसवून घेऊ, म्हणजे दादाला सांगता येईल की एकोणीस झाले. सुताराला बोलावलं. त्याने पाळण्याला हात लावला, पाळणा हलला, तो मागे सरला. "कुणी केलाय?" म्हटलं, भावाने. "सुतार आहे?" म्हटलं, नाही, गणित शिकवतो. "तरीच." मग म्हणाला की तुटका गज काढायचा तर वरची पट्टी उचकटावी लागेल, आणि ती उचकटली तर सगळेच गज हातात येतील, कारण हे काम गोंदावर नाही, नशिबावर उभं आहे. त्यापेक्षा फटीत बाहेरून दोन बारीक पट्ट्या ठोकतो. मी म्हटलं, एकच ठोका. तो म्हणाला, "पोराचं डोकं अडकलं होतं ना? मग फट लहानच करायला पाहिजे. एक ठोकून उद्या पुन्हा अडकलं तर नाव माझं." आता मी काय बोलणार? म्हटलं, दोन नकोत, वीस होतील. "होऊ द्या की." म्हटलं, वीस एकांना अकराने भाग जातो. सुताराने पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. "बरं, मग अठराच राहू द्या, वरून जाळी मारून देतो." म्हटलं, अठरा तर नकोच नको, तीनने जातो, नवाने जातो, अकराने जातो, कुणीही यावं आणि भाग जावा. तो यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वहिनींची झोप होते का?" त्याला मात्र बरोबर कळलं.

सुतार गेला आणि मी एक वेडेपणा केला. मी घरी कागदी पिशव्यांना दोऱ्या ओवायचं काम करते, तुला सांगितलं होतं. त्यातली एक पिशवी घेतली, तिच्यावर एकोणीस एक लिहिले आणि भागायला बसले. मला वाटलं एखाद्याने जरी भाग गेला तरी दादाला म्हणता येईल की तुझा आकडा आधीपासून कच्चाच होता, जाऊ दे, रडू नकोस. दोनने भागलं, एक उरला. तीनने भागलं, एक उरला. पाचने, सातने, अकराने, तेराने, दर वेळी शेवटी खाली एक उरतोच, एकटाच, पिशवीच्या तळाशी. सतराने केलं तेव्हा नऊ उरले, म्हणजे कुठेतरी चुकलं असणार, मग मी सोडलं. पण तो खाली उरणारा एक मला बघवेना. सगळ्यांना सारखं वाटून झालं, सगळे आपापल्या घरी गेले, आणि हा कुणालाच नको. लहानपणी दादा तोच तोंडात टाकायचा. तेव्हा आम्ही त्याच्यावर चिडायचो. आता वाटतं, उरलेल्याला निदान कुणीतरी घेत होतं.

तर आत्या, असं सगळं आहे. काळजी करू नकोस, बाळ मजेत आहे. घरी सगळ्यांना नमस्कार, वाचणाऱ्यालाही, आणि त्यांना चहा दे, नुसतं बसवून ठेवू नकोस. तुझी भाची.

ता. क. तू विणून पाठवलेलं टोपडं फार सुंदर आहे, पण ढब्बूच्या डोक्यात जात नाही. डोकं मोठं आहे. कानापर्यंत येतं आणि उडतं. पुढचं जरा मोठं विण.

ता. क. आणखी एक. दादाचा तुला फोन आला तर ह्यातलं काही काढू नकोस, तो फार मनाला लावून घेतो. संपलं पत्र.

(संपलेलं नाही. आत्याला सांगा संपलं. ती डोळे पुसेल, चहाचं भांडं घेऊन आत जाईल, आणि आत गेली की तिला बाहेरचं ऐकू येत नाही, यंत्र डब्यात असतं. तेवढ्यात हे वाचा.

बाळाचं डोकं अडकलं नव्हतं. ढब्बूचं डोकं टोपड्यात जात नाही ते गजांतून कुठून जाणार? माझा हात अडकला होता. सासूबाईंनी दम दिल्यावर मी वाकून बघायचं सोडलं होतं, पाळण्याशेजारी खाली बसायची आणि दोन गजांमधून हात आत घालून त्याच्या छातीवर ठेवायची. छाती वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. त्याला उठवायचं नाही, नुसतं हाताला कळत राहायचं. त्या दिवशी तशीच मला झोप लागली. बाळ झाल्यापासून तशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा कोपर सुजलेलं, हात बाहेर येईना, आणि बाळ जागं, माझी बोटं चोखत अगदी खुशीत. जिन्यात सासूबाईंच्या बादलीचा आवाज यायला लागला. ह्या अवस्थेत त्यांनी बघितलं असतं तर पाळणा गेलाच होता. मी पायाने टेबलावरचं फडकं ओढलं, सुरी खाली पडली, आणि डाव्या हाताने कापत सुटले. नशीब सासूबाई मधल्या मजल्यावर बोलत उभ्या राहिल्या. यांनी विचारलं काय झालं, तर माझ्या तोंडून परस्पर बाळाचं नाव निघालं. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं हो. पण निघालं, आणि कुणावर निघालं, तर ज्याला अजून बोलता येत नाही त्याच्यावर. आणि त्याच्याआडून माझ्या भावावर. सगळे मला वाघीण म्हणतात आणि मी खाली मान घालून पिशव्या ओवते.

दादाला पत्र लिहायला बसते, पण "दादा" एवढं लिहून होतं आणि पुढे कागद ओला होतो. फोन घरात एकच आहे, तो सासूबाईंच्या उशाशी असतो. यांना मी सांगणार आहे, सासूबाईंनाही सांगणार आहे, पण दादा आल्यावर, त्याच्या पाठीमागे उभी राहून. आधी सांगायची हिंमत नाही. पाळणा नेतील.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही मला ओळखत नाही, मला तुमची तेवढी लाज वाटत नाही. पाकिटाच्या आतल्या बाजूला त्याचा नंबर आहे. त्या नंबरालाही कशाने भाग जात नाही म्हणे, तसा मिळेपर्यंत तो दुकानातून हलला नव्हता, तेव्हा एकही आकडा चुकवू नका. त्याला सांगा की फट बरोबर होती. डॉक्टरांनी डोकं मोजलंय, जात नाही. हिशोब कुठेच चुकला नव्हता, बहिणीचा हात हिशोबात धरला नव्हता एवढंच. गजाचा तुकडा मी कपाटात साड्यांखाली ठेवलाय, जाळला नाही. तो गप्प राहिला तर फोन ठेवू नका, तो मनात मोजत असतो. मोजून झालं की विचारेल, आता किती आहेत? तेव्हा म्हणा, अठरा आणि एक हात. तो येईपर्यंत हात काढत नाही म्हणावं, पण हाताला मुंग्या आल्यात, लवकर ये. आत्या चहा घेऊन यायच्या आत, तुम्ही जे कोणी असाल, माझ्या भावाला तेवढा एक फोन करा.)